ट्रक परत करा, पण सोडू नका

ताई, नमस्कार.

मी ह्यूस्टनच्या पश्चिमेला, केटीत राहतो. सप्टेंबर २०२३ मध्ये विजेवर चालणारा पिकअप ट्रक तीन वर्षांच्या लीजवर घेतला. या सप्टेंबरात लीज संपते आणि सध्या आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर रोज हाच विषय असतो.

ट्रक मला मनापासून आवडतो. जुलै २०२४ मध्ये बेरिल वादळात आमच्याकडे सहा दिवस वीज नव्हती. फ्रीज, पंखे आणि बेडरूममधला छोटा एसी या ट्रकवर चालला. मधे एकदा जाऊन चार्ज करून आणला. शेजारच्या आजींचं इन्शुलिन आमच्या फ्रीजमध्ये होतं. दोन वर्षं मंडळाचा गणपती याच ट्रकमधून निघतोय, मागे ढोल-ताशा, आणि स्पीकरची वायर थेट ट्रकच्या सॉकेटला. एरवी ऑफिस, जाऊन-येऊन ३८ मैल. वर्षाला बारा हजार मैलांच्या आसपास. घरीच चार्ज करतो.

पण कॅम्पिंगचा ट्रेलर जोडला की रडकथा. पहिल्यांदा गार्नर स्टेट पार्कला निघालो, चार-साडेचार तासांचा रस्ता, पोचायला साडेआठ तास लागले. एका ठिकाणी चारपैकी तीन चार्जर बंद. रात्री अकराला पोचलो. मुलं मागे झोपलेली, आणि बायको शेवटचे दोन तास एक शब्द बोलली नाही. ट्रेलर तीन वर्षांत सात वेळा नेला.

आता बायको म्हणते, हायब्रिड एसयूव्ही घे, ट्रक हवाच कशाला? मित्र म्हणतात, पेट्रोलचा ट्रक घे. डीलर म्हणतो, लीज संपली की हाच विकत घ्या. सरकारी सवलत गेली, कंपन्या मॉडेलं बंद करताहेत. पुन्हा विजेचाच ट्रक घेणं हे शहाणपण की नुसता हट्ट?

— केटीचा ट्रकवाला


ट्रकवाले, नमस्कार.

ट्रकचं, डीलरचं आणि त्या चार्जरवाल्यांचं नाव तुम्ही कळवलं होतंत, ते मी गाळलंय. इथे कुणाची उणीदुणी काढायची नाहीत. शिवाय तुमचं दुखणं एका कंपनीचं नाहीच.

पत्रातली एक ओळ मी पेन्सिलीने अधोरेखित केली: ‘ट्रेलर तीन वर्षांत सात वेळा.’ म्हणजे जायचा दिवस आणि यायचा दिवस धरून चौदा दिवस. तीन वर्षांचे दिवस होतात हजाराच्या वर. तुमच्या घरातलं सगळं भांडण या चौदा दिवसांवरून चाललंय, आणि त्यातही खरं तर एकाच रात्रीवरून. ती रात्र मी सोडून देणार नाही, तिच्याकडे शेवटी येते. आधी हिशेब.

मी डेट्रॉइटजवळ सत्तावीस वर्षं पेट्रोलच्या इंजिनांच्या चाचण्या घेण्यात घालवली, त्यामुळे विजेच्या गाड्यांची भक्त वगैरे मी नाही. पण ट्रेलरच्या बाबतीत ट्रकवर अन्याय नको. ट्रेलर म्हणजे हायवेवर उभी धरलेली भिंत. बहुतेक ताकद वजन ओढण्यात जात नाही, हवा फोडण्यात जाते. पेट्रोलचा ट्रकही तो ओढताना जवळजवळ दुप्पट पितो. गॅलनला वीस मैलांचा अ‍ॅव्हरेज दहावर येतो. फरक इतकाच की पेट्रोल पंप दर दहा मैलांवर आहे आणि पाच मिनिटांत टाकी भरते, म्हणून ते कुणाला जाणवत नाही.

तुमच्यासारख्या ट्रकची मोठी बॅटरी १३० किलोवॅट-तासांच्या आसपास असते. रिकामा ट्रक एका किलोवॅट-तासात साधारण दोन मैल जातो. मोठा ट्रेलर मागे लावलात की एक मैल. कागदावर १३० मैल झाले. पण वाटेतल्या चार्जरवर ८० टक्क्यांनंतर भरण्याचा वेग पडतो आणि १० टक्क्यांच्या खाली जायची कुणाची छाती होत नाही. उरले नव्वद मैल. केटीहून गार्नर अडीचशेच्या आसपास. दोन थांबे अटळ, आणि सॅन अँटोनिओच्या पलीकडे चार्जर विरळ होतात. त्यात बरेच चार्जर अजूनही कारच्या पार्किंगसारखे, नाक आत घालून उभं राहायचे. म्हणजे ट्रेलर सोडा, कुठेतरी कडेला लावा, चार्ज करा, परत जोडा. ऊन ३८ अंश. एक चार्जर बंद निघाला की पुढचं सगळं गणित कोसळतं. हे तुम्हाला मी सांगायला नकोच.

आता उरलेल्या हजार दिवसांचं.

तुमच्या भागात घरची वीज १५ सेंट युनिट धरू (युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास). शंभर मैलांना ४८ युनिटं लागतात, म्हणजे सव्वासात डॉलर. वीसच्या अ‍ॅव्हरेजचा पेट्रोल ट्रक शंभर मैलांना पाच गॅलन खाईल. गॅलन ३ डॉलर धरलं तर पंधरा डॉलर. बारा हजार मैलांवर वर्षाला साडेनऊशेच्या आत-बाहेर वाचतात. त्यातून टेक्सासने १ सप्टेंबर २०२३ पासून विजेच्या गाड्यांवर लावलेली वर्षाची २०० डॉलरची जादा नोंदणी फी वजा करा. साडेसातशे राहिले. ऑइल बदलणं नाही, हा फायदा. पण साडेसहा-सात हजार पौंडांचा ट्रक टायर लवकर खातो, तो तोटा. इन्शुरन्सचे आकडे तुमचे तुम्ही टाका. म्हणजे पैसे वाचतात, पण ‘ट्रक स्वतःचे पैसे स्वतः फेडतो’ असं जे लोक पार्टीत सांगतात, तसं काही नाही.

आणि हे सगळं घरी चार्ज करता म्हणून. हायवेवरच्या जलद चार्जरवर युनिट पन्नास सेंटच्या आसपास पडतं. तेच शंभर मैल चोवीस डॉलरना. पेट्रोलपेक्षा महाग! अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्या, घरी प्लग नसलेल्या कुणी मला हाच प्रश्न विचारला असता, तर उत्तर एका ओळीत संपलं असतं: घेऊ नका.

तुमच्याकडे प्लग आहे. आणि तुमच्याकडे वादळं आहेत.

बेरिलचा तुमचा परिच्छेद मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला, आणि तुम्ही तो गणपतीच्या जोडीला, कौतुकाच्या खात्यात टाकून दिलात. तो हिशेबाच्या खात्यात हवा. ८ जुलै २०२४ ला ह्यूस्टन परिसरात वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली होती. फ्रीज, चार पंखे, दिवे, राउटर आणि एक छोटा एसी मिळून सरासरी दीड किलोवॅट धरा. दिवसाला ३६ युनिटं. भरलेला ट्रक साडेतीन दिवस घर चालवतो. आवाज नाही, धूर नाही, पंपावर रांग नाही. पेट्रोलचे जनरेटर गॅरेजमध्ये किंवा खिडकीशी लावून मोठ्या वादळांनंतर टेक्सासमध्ये माणसं कार्बन मोनॉक्साइडने दगावतात. भिंतीवर बसवायच्या घरगुती बॅटऱ्या साधारण १३ युनिटांच्या असतात. तुमच्या अंगणात तशा दहा उभ्या आहेत, चाकांवर.

इथे एक गोष्ट दटावून सांगते. त्या सहा दिवसांत तुम्ही एक्स्टेंशन वायरी ओढल्या असतील तर ठीक. पण कुणाच्या सांगण्यावरून ड्रायरच्या सॉकेटमधून उलटी वीज घरात सोडली असेल, तर पुन्हा कधीही करू नका. ती वीज बाहेरच्या तारांवर जाते आणि तारा जोडायला आलेला माणूस मरतो. परवाना असलेला इलेक्ट्रिशियन बोलवा, पॅनलवर इंटरलॉक बसवून घ्या. बाहेरची लाइन बंद केल्याशिवाय ट्रकची लाइन चालूच होत नाही, एवढं साधं काम ते करतं. हरिकेनचा मोसम १ जूनला सुरू होतो, त्याआधी.

तर ट्रक घ्यायचा का, याचं माझं उत्तर ‘हो’ आहे. नवा घ्यायचा का, याचं ‘नाही’. आणि डीलर म्हणतो तसा लीजवरचाच विकत घ्यायचा का, याचं उत्तर तुमच्या करारात लिहिलेलं आहे.

करार काढा. त्यात शेवटची किंमत म्हणून एक आकडा असेल. तीन वर्षांनी ट्रकची किंमत किती उरेल याचा तो २०२३ मध्ये बांधलेला अंदाज. त्यानंतर नव्या ट्रकांच्या किमती उतरल्या, जुन्यांच्या त्याहून वेगाने. समजा करारात ४५ हजार आहेत आणि तसाच, तेवढाच चाललेला ट्रक बाजारात ३६ ला मिळतोय. मधले नऊ हजार कुणाचे बुडाले? लीज देणाऱ्या कंपनीचे. ते तिचेच राहू द्या! तुम्ही विकत घेतलात की तिचा तोटा तुम्ही हौसेने स्वतःच्या डोक्यावर घेणार, वर ६.२५ टक्के विक्रीकर. आकडे मी उदाहरणाचे घेतलेत, खरे तुम्ही भरा. काही करारांत विकत घ्यायची सोयच नसते, तेही बघा.

उलट जर करारातला आकडा बाजाराच्या बरोबरीचा किंवा खाली निघाला, तर डोळे झाकून घ्या, कारण या ट्रकची तीन वर्षांची कुंडली तुमच्या हातात आहे. पण तसं निघेल असं मला वाटत नाही. लीजच्या गाड्यांनाही ७,५०० डॉलरच्या सरकारी सवलतीचा फायदा मिळत होता, म्हणून २०२३ पासून कंपन्यांनी लीज धडाधड दिल्या. ते सगळे ट्रक तुमच्याबरोबरच आता परत येताहेत. बाजार घेणाऱ्याचा आहे.

म्हणजे ट्रक परत करा आणि तसाच दुसरा, वापरलेला, बाहेरून घ्या. ऐकायला वेडेपणा वाटतो. माझ्या भाच्याला वाटला होता, तो तर म्हणाला, मावशी, आपलीच म्हैस विकून शेजारची घ्यायची? हो, शेजारची स्वस्त असेल आणि दूध तेवढंच असेल तर घ्यायची.

वापरलेला बघताना मैलांपेक्षा बॅटरीची तब्येत विचारा. तिचा अहवाल काढून मिळतो, देत नसतील तर उठून या. बहुतेक कंपन्यांची बॅटरीची हमी ८ वर्षं किंवा १ लाख मैल असते आणि ती मालक बदलला तरी गाडीबरोबर जाते. २०२३ चा ट्रक घेतलात तर, लाख मैल त्याआधी झाले नाहीत तोवर, २०३१ पर्यंत तुम्ही हमीत आहात. टेस्लाच्या चार्जरवर चालणारा अ‍ॅडॉप्टर गाडीसोबत आहे का ते बघा, नसेल तर किमतीतून वजा करून मागा. वापरलेल्या गाडीवरची ४,००० डॉलरची सवलतही नव्या गाडीच्या ७,५०० बरोबरच ३० सप्टेंबर २०२५ ला संपली, त्यामुळे ‘सवलत मिळवून देतो’ म्हणणाऱ्या विक्रेत्यापासून चार हात लांब राहा.

आता नवा का नाही. सवलत गेली हे एक कारण, पण तेवढंच नाही. हा सगळा बाजार सध्या घर बदलतोय, सामान अर्धं ट्रकमध्ये अर्धं अंगणात. फोर्डने २०२१ मध्ये लाइटनिंग हा आपला विजेचा पिकअप दाखवला तेव्हा सुरुवातीची किंमत चाळीस हजारांच्या आत सांगितली होती. तो माझ्या घरापासून अर्ध्या तासावर डिअरबॉर्नमध्ये बनायचा. डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने जाहीर केलं की पूर्ण विजेचा लाइटनिंग बंद, पुढचा येईल त्यात पेट्रोलवर चालणारा जनरेटर असेल. रॅमने त्याआधीच, सप्टेंबरात, आपला पूर्ण विजेचा ट्रक बाजारात येण्यापूर्वीच रद्द केला आणि त्याचं नाव जनरेटरवाल्या ट्रकला दिलं. शेव्हरोलेने दुसरी वाट धरली: सिल्व्हराडो ट्रकच्या विजेवरच्या भावंडात दोनशेच्या वर युनिटांची बॅटरी कोंबली, एका चार्जमध्ये ४९२ मैलांचा अधिकृत आकडा गाठला, आणि साडेआठ हजार पौंडांच्या पुढचं धूड तयार केलं. इंजिनियर म्हणून मला त्याचं कौतुक आहे. माझ्या ड्राइव्हवेवर मात्र नको.

जनरेटरवाली कल्पना ट्रेलरवाल्यांसाठीच आहे. चाकं विजेवर फिरतात, इंजिन फक्त बॅटरी भरतं. रोजचे ३८ मैल विजेवर, गार्नरला जाताना पेट्रोल. हे ट्रक प्रत्यक्ष रस्त्यावर आले, दोन वर्षं लोकांनी वापरले, पहिल्या वर्षाच्या खोड्या बाहेर पडल्या, की मग तुम्ही बघा. दुसऱ्या टोकाला फोर्डने २०२७ साठी तीस हजारांच्या आसपासचा मध्यम आकाराचा विजेचा पिकअप कबूल केलाय, लुईव्हिलच्या कारखान्यातून. कबूल केलेल्या किमतींवर मी आता फार विश्वास ठेवत नाही, पण दिशा बरी वाटते. अशा वेळी पन्नास-साठ हजारांचं नवं वाहन घेऊन सहा वर्षांचं कर्ज बांधून घेऊ नये. स्वस्त, वापरलेला, दोन-तीन वर्षं काढणारा ट्रक हा या मधल्या काळातला बिऱ्हाडकरू.

मॉडेल बंद झालं तर सुटे भाग मिळतील का, ही भीती रास्त आहे, पण ज्या ट्रकचे टायर, ब्रेक, सस्पेन्शन, काचा पेट्रोलच्या भावंडाशी मिळतेजुळते आहेत तिथे काळजी कमी. तेच बघून घ्या.

मग राहतात ते चौदा दिवस. कॅम्पिंगला जायचं तेव्हा पेट्रोलचा ट्रक भाड्याने घ्या. नेहमीच्या विमानतळावरच्या भाडेवाल्यांकडे नाही. त्यांच्या करारात ट्रेलर ओढायला बहुधा मनाई असते. मालवाहू गाड्या भाड्याने देणारे वेगळे असतात, त्यांच्याकडे हिच, म्हणजे ट्रेलर जोडायचा आकडा, बसवलेला ट्रक मिळतो आणि ओढायची परवानगी लेखी असते. वर्षातून दोन-तीन वेळा भाडं भरलंत तरी विजेवर वाचलेल्या साडेसातशेत ते बरंचसं बसेल. किंवा ट्रेलरच विका आणि पार्कातली केबिन घ्या. किंवा जवळ जा. नव्वद मैलांच्या आत तुम्हाला गॅल्व्हेस्टन आहे, आणि कॅम्पसाइटवर ५० अँपिअरचं कनेक्शन असेल तर पार्कवाल्यांना विचारून रात्रभरात ट्रक जवळजवळ भरून घेता येतो.

पेट्रोलचा ट्रक घ्या म्हणणाऱ्या मित्रांना एकच विचारा, त्यांनी स्वतःच्या ट्रकमध्ये शेवटचं काय वाहून नेलं? सांगलीला माझ्या चुलतभावाकडे ‘छोटा हत्ती’ आहे. त्याचा विजेवरचा भाऊ २०२२ मध्ये आला, २१.३ युनिटांच्या बॅटरीवर सहाशे किलो माल वाहणारा. तशा सहा बॅटऱ्या तुमच्या एका ट्रकमध्ये मावतात, आणि तुम्ही त्यातून रोज एक लॅपटॉप ऑफिसला नेता. चिडू नका. टेक्सासात सगळेच नेतात. म्हणून वहिनींचा प्रश्न, ट्रक हवाच कशाला, हा या पत्रातला सगळ्यात शहाणा प्रश्न आहे, आणि त्याचं प्रामाणिक उत्तर गणपती हे नाही. एका संध्याकाळच्या मिरवणुकीसाठी ट्रक मंडळातल्या कुणाचाही मिळेल. प्रामाणिक उत्तर वादळ हे आहे. बहुतेक हायब्रिड एसयूव्ही साडेतीन दिवस घर चालवणार नाहीत. हे त्यांना बेरिलच्या आठवणीसकट सांगा. त्या सहा दिवसांत फ्रीजमध्ये काय ठेवायचं आणि काय आधी संपवायचं हे बहुधा त्यांनीच बघितलं असणार.

आणि आता ती रात्र. त्या दोन तासांत वहिनी ट्रकवर रागावल्या होत्या असं तुम्ही धरून चाललाय. मला तसं वाटत नाही. तुम्ही निघण्याआधी, रस्त्यात चार्जर कुठे, बंद निघाला तर पुढचा कुठे, मुलं केव्हा जेवणार, हे त्यांना सांगितलं होतंत का? की ‘पोचू गं आरामात’ म्हणाला होतात? माझ्या नवऱ्याने अशाच एका प्रवासात, मिशिगनच्या उत्तरेला, जानेवारीत, हीटर बंद करून मैल वाचवले होते. मी पण बोलले नव्हते. गाडीवर माझा काही राग नव्हता.

तेव्हा या वेळी ट्रक बघायला दोघं जा. चालवायला आधी त्यांना द्या, आणि आवडला नाही म्हणाल्या तर तिथेच वाद घालू नका.

आणखी एक, लीज संपायची नेमकी तारीख बघा. यंदा गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. तारीख त्याच्या आधीची असेल तर लीज कंपनीला महिनाभर मुदतवाढ मागा. महिन्याच्या हप्त्यावर बहुधा देतात, आणि तुम्हाला दुसरा ट्रक शोधायलाही तेवढा वेळ मिळेल. नाही दिली, तर मंडळाला जुलैतच कळवा. ऐन वेळी मूर्तीसाठी ट्रक शोधायची पाळी आणू नका.